छोट्या लाईनचा शेवटचा बहार

दिवाळी मागे पडली की आमच्या सौंसरच्या हवेला संत्र्याचा वास येतो. झाडावरच्या संत्र्याला तसा फार वास नसतो. तोडताना देठापाशी सालीला नख लागतं, तिथून तो सुटतो आणि मग बोटांना, पदराला, सकाळच्या पोळीच्या घासालासुद्धा लागून राहतो. यंदाही आंबिया बहाराची तोड सुरू झाली. अंगणात प्लास्टिकचे क्रेट लागले. पूर्वी बांबूचे डाले असत आणि तळाशी तणसाचा बिछाना. परवा सकाळी मी दागी फळं वेगळी करत बसले होते, तेवढ्यात गावाबाहेरून विजेवरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. लांब, जाड, घाईतला. माझे हात थांबले. ही मोठी गाडी सुरू होऊनही आता वर्षं झाली, पण संत्र्याच्या दिवसांत माझा कान अजून दुसऱ्याच आवाजाकडे लागतो. बारीक आणि थोडा चिरका. नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या छोट्या गाडीचा.

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांना ती कशी होती हे सांगणं अवघड आहे. रुळांमधलं अंतर एवढं कमी, की लहान पोरानंही एका ढांगेत ओलांडावं. डबे तसेच अरुंद. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि गुडघ्याला गुडघा लागल्यावर माणूस किती वेळ गप्प बसणार? छिंदवाड्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली, दूधवाले, मास्तर, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद, सगळे एकमेकांच्या घरातलं सगळं जाणून असत. रामाकोन्याच्या पुढं घाट लागला की गाडी इतकी हळू चाले की पोरं उतरून सीताफळं तोडत आणि पुन्हा चढत. इंग्रजांनी ती टाकली ती आमच्यासाठी नव्हेच. वरचा कोळसा आणि आमच्याकडचं मँगनीज खाली न्यायला टाकली. कमी खर्चाची म्हणून लहान मापाची. त्यांनी या देशात वेगवेगळ्या मापांचे रूळ टाकले. एका मापाची गाडी दुसऱ्या मापावर चालत नसे. आमची संत्री नागपुरात इतवारी स्टेशनाला छोट्या गाडीतून उतरत, हमालांच्या डोक्यावरून मोठ्या गाडीकडे जात, आणि तेवढ्या वाटेत डाल्यातली वरची फळं हसतखेळत कुणाच्या तरी खिशात जात.

मी मात्र जन्मानं मोठ्या लाईनची. माझे बाबा पांढुर्ण्याजवळ, तिगावच्या बाजूला, नागपूर-इटारसी लाईनवर फाटकवाले होते. फाटकाला लागूनच आमचं रेल्वेचं क्वार्टर. माझं लहानपण गाड्यांच्या धडधडीत गेलं. दिल्ली-मद्रासच्या गाड्या आमच्या दारावरून जात. सगळा देश आमच्या अंगणासमोरून जायचा, पण थांबायचा नाही. गाडी यायच्या आधी बाबा चरखी फिरवून फाटक पाडत, डोक्याला टोपी लावत आणि हिरवी झेंडी धरून ताठ उभे राहत. शेवटच्या डब्यातून गार्डची झेंडी हलली की यांचीही हलायची. तेवढंच त्यांचं जगाशी बोलणं. मी एकुलती एक. आई म्हणायची, "तुह्या बापाचं सारं गणगोत म्हणजे थे गार्ड लोक. नाव कोणाचं मालूम नाई, पण सलाम सगळ्याइले."

लग्न होऊन मी सौंसरला आले. पांढुर्णा आणि सौंसर बसनं तास-दीड तासाच्या अंतरावर, पण दोन्ही गावांच्या रेल्वे वेगळ्या. मोठी लाईन पांढुर्ण्याहून जाते, छोटी सौंसरहून, आणि दोघींची भेट थेट नागपूरला. बाबा पहिल्यांदा माझं घर पाहायला आले तेव्हा स्टेशनावर उतरून त्यांनी त्या इंजिनाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले,

"इवाई, ही गाडी हाये का खेळणं? हिच्यासाठी फाटक पाडाले तं मले लाज वाटन."

इवाई म्हणजे व्याही. माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. थोडीशी जमीन, त्यात संत्र्याची झाडं, आणि बोलणं संत्र्यासारखंच, आंबट-गोड. ते म्हणाले,

"खेळणं म्हणा का काही म्हणा, पण वयानं मोठी आमचीच हाये. तुमची लाईन आमच्या छोटीच्या मागून आली. माह्या बापानं छोटीत बसून नागपूर पाह्यलं, तवा तुमच्या तिगावात लोक बैलगाडीनं फिरून राह्यले होते."

"पहिले कोण आली थे सोडा," बाबा म्हणाले. "पोचते कोण पहिले थे सांगा."

हे भांडण पुढं वर्षानुवर्षं चाललं. दोघंही मनापासून भांडत आणि भांडण संपलं की एकमेकांना पान देत.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. बाबा माझ्याकडे कधी बसनं आले नाहीत. पांढुर्ण्याहून निघायचे, उलट्या दिशेनं नागपूरला जायचे, रिक्षानं इतवारी गाठायचे, तिथून छोटी गाडी धरून परत सौंसरला यायचे. बसनं दुपारच्या जेवणाला पोचले असते, ते दिवेलागणीला पोचायचे. घामेजलेले, धुळीनं भरलेले. मी चिडायची. "बाबा, बस दारापाशी येते." ते पाय धुता धुता म्हणायचे, "रेल्वेचा मानूस हाये मी. रेल्वेनंच येईन."

आणि आले तरी राहत नसत. एक रात्र, फार तर दोन. खुर्चीवर बसत तेही पुढच्या कडेला, जणू कुणी उठवायला येणारच आहे. ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली तर हात आडवा. नातवंडांशी खेळत, हसत, पण पिशवीची दोरी कधी सोडत नसत.

मग एका पावसाळ्यात आई गेली. बाबा निवृत्तीनंतर पांढुर्ण्यात बांधलेल्या दोन खोल्यांत एकटे उरले. मी किती सांगितलं, चला म्हणून. त्यांचं एकच उत्तर, "लेक आपल्या घरी, बाप आपल्या घरी." पुढच्या भादव्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. दुपार झाली तरी दार उघडलं नव्हतं. चौघांनी मिळून कडी तोडली, तर बाबा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलेले, चक्कर येऊन पडलेले. शेगडीवर चहाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. आम्ही धावत गेलो. डॉक्टर म्हणाले, एकट्याला ठेवू नका. बाबा म्हणाले, "एकटा कुठी हाये? दर घडीले गाडी जाते." मी रडले, रागावले, दोन दिवस बोलले नाही. ते बधले नाहीत. मला परत यावं लागलं आणि त्यानंतर रोज सकाळी फोन लावला की बाबांचा आवाज ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास बातमी पक्की झाली. छोटी लाईन बंद होणार, तिच्या जागी मोठी येणार. गावात पेढे वाटले गेले. खोटं कशाला सांगू, आम्हालाही आनंदच झाला. मोठ्या लाईनसाठी सौंसरनं किती वर्षं निवेदनं दिली होती. मामाजी तर हरखून गेले. "आता आपलं संत्रं डोक्यावर न घेता दिल्लीले जाईन," ते म्हणाले. मग संध्याकाळची छोटी गाडी शेताच्या कडेनं गेली, तेव्हा हातातलं काम टाकून ते तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पण ही कुठी जाईन?"

तोड ऐन भरात होती. एका संध्याकाळी मी अंगणात डाले भरत होते, तर फाटकाशी बाबा. खाकी पिशवी खांद्याला, डोक्याला मफलर. आईनंतर ते पहिल्यांदाच येत होते. भादव्यातल्या आजारपणानं गाल आत गेले होते. मी उठायच्या आतच ते म्हणाले,

"मी तुह्याकडं नाई आलो, रंजू. गाडीले पोचवाले आलो. थे बंद होयेपर्यंत राहीन, दुसऱ्या दिवशी जाईन."

"बरं," मी म्हटलं. आणखी काही बोलले असते तर रडू आलं असतं.

मामाजी ओसरीतून ओरडले, "इवाई, खेळण्याले पोचवाले मोठ्या लायनीचा मानूस आला काय?"

"मयतीले वैरीबी येते," बाबा म्हणाले आणि दोघंही हसत सुटले.

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं एक वेड सुरू झालं. सकाळच्या गाडीनं रामाकोन्यापर्यंत जायचं, तिथं चहा प्यायचा आणि उलट गाडीनं परत यायचं. काम काहीच नाही. मामाजी कापडी पिशवीत संत्री घेत आणि डब्यात वाटत. इतक्या वर्षांत त्यांनी बिनकामाचा एक दिवस घेतला नव्हता, तोड चालू असताना तर नाहीच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे त्यांनाही घरात बरोबरीचं कुणी नव्हतं. माझे यजमान म्हणाले, "जाऊ दे, मजूर आहेत तोडायला." मी दोघांना डबा द्यायची. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी शाळेत शिकवायची; वर्गात उभी असले तरी गाडीचा आवाज आला की मनात यायचं, चालले दोघं.

हळूहळू बाबांचं बोलणं बदललं. 'खेळणं' हा शब्द गेला. एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते, ते येऊन शेजारी पाटावर टेकले.

"रंजू, एवढ्या वर्षाच्या नोकरीत किती गाड्या पाह्यल्या असतीन म्या? पण गाडीतली मानसं कधी पाह्यलीच नाई. खिडकीत तोंडं दिसत, गेले का गेले. इथं तं काल मी नाई गेलो, तं आज त्या दूधवाल्यानं विचारलं, बुवा, काल काहून नाई आले?"

ते हे इतक्या नवलानं सांगत होते, की मी भाकरी थापायची थांबले.

"मंग काय सांगितलं तुमी?"

"सांगितलं, कंबर दुखून राह्यली होती." मग म्हणाले, "उद्या थो तेल आनून देनार हाये."

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. थंडी नुकतीच पडायला लागली होती. खिडकीतून ऊन येऊन गुडघ्यांवर पडत होतं. दोन्ही बाजूंना पिवळ्या फळांनी वाकलेल्या बागा, मधूनच कापसाचं पांढरं शेत, वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावरची रंगीत फडकी. मी बाबांच्या शेजारी, मामाजी समोर. कन्हानचा पूल जवळ आला तसा मामाजींनी एकदम प्रश्न टाकला.

"इवाई, एक सांगा. खरं सांगा. तुमी बसनं काहून नाई येत?"

मला वाटलं, नेहमीचं उत्तर येईल. पण बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. गाडी पुलावर आली, खाली पात्रात थोडं पाणी आणि बरेचसे दगड. पूल संपल्यावर ते बोलू लागले.

"माहा बाप तरणा होता तवाची गोष्ट हाये. त्याची माय, मतलब माही आजी, तापानं फणफणली होती. गावातून पांढुर्ण्याले रिकामी बैलगाडी चालली होती. बाप हात जोडून म्हने, म्हातारीले बसू द्या. गाडीवाला म्हने, तुमी बसले तं गाडी बाटते. मंग बापानं मायले पाठीवर घेतलं अन् पायी नेलं."

डब्यातलं दुसरं कुणी ऐकत होतं की नाही मला माहीत नाही. बाबांचा आवाज मोठा नव्हता, पण दबलेलाही नव्हता.

"म्हातारी वाचली. पुढं मोठ्या लायनीचं काम सुरू झालं. बाप गिट्टी वाहाले लागला. रूळ बसले, गाडी सुरू झाली. मंग थो एक दिवस मायले घेऊन स्टेशनावर गेला, तिकीट काढली. तिगाव ते पांढुर्णा. बस, एवढंच. म्हातारी डब्यात चढली अन् दाराजवळ खालीच बसाले लागली. बाप म्हने, खाली नाई माय, फळीवर बैस, तिकीट हाये. थे बसली. पण कशी? अशी." बाबांनी आपल्या फळीच्या पुढच्या कडेकडे बोट दाखवलं. "काठावर. पांढुर्णा येयेपर्यंत मांगं सरकलीच नाई. मुठीत तिकीट. उतरल्यावर तिकीटबाबूनं तिकीट मांगितली तं देईना. म्हने, ही माही हाये, देली तं वापस जाताना उठवतीन मले."

मामाजी हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"स्टेशनावर पाणी पाजणारा वरूनच ओंजळीत टाके, थे काही सुटलं नाई," बाबा म्हणाले. "पण फळीवरून कोणी उठवलं नाई. बाप म्हने, गाडीत बसाचं असन तं या गाडीत. म्या नोकरीबी याच्यातच धरली. बस काही वाईट नाई, इवाई. पण पाय तिकडं वळतच नाई."

मी त्यांची मुलगी. ही गोष्ट मी तोपर्यंत ऐकली नव्हती. रेल्वेचा इतिहास मी मुलांना वर्गात शिकवते. बोरीबंदर ते ठाणे, मग देशभर लोखंडाचं जाळं, कापूस बंदराकडे, कापड खेड्यांकडे. ते सगळं खरंच आहे. पण मी ज्या क्वार्टरमध्ये वाढले, ज्या पगारावर शिकले, त्याच्या मुळाशी फळीच्या काठावर बसलेली एक म्हातारी होती, हे मला त्या दिवशी, गुडघ्यावरच्या उन्हात कळलं.

मामाजींनी एक संत्रं सोललं. अर्धं बाबांच्या हातावर ठेवलं आणि हळूच म्हणाले,

"थे माऊली काठावर बसली, त्याले कारण होतं. तिले उठवणारे होते. तुमाले लेकीच्या घरात कोण उठवून राह्यलं? तुमी काहून काठावर बसता?"

संत्र्याच्या फोडी बाबांच्या हातात तशाच राहिल्या. रामाकोना आलं, आम्ही उतरलो, चहा प्यायलो. परतीच्या वाटेवर दोघांनी इंजिनांवरून पुन्हा नेहमीचं भांडण काढलं, पण मला कळत होतं की बाबांचं लक्ष तिथं नाही.

शेवटचा दिवस उजाडला. स्टेशनावर सगळं गाव लोटलं. बँड, हारतुरे, इंजिनाला केळीचे खांब. गाडीच्या टपावरसुद्धा लोक. मला वाटलं होतं बाबा पुढं असतील, पण ते म्हणाले, "एवढ्या गर्दीत मी नाई येत. फाटकवाल्यानं गाडी स्टेशनावरून नाई पाहाची." ते मामाजींबरोबर शेतात गेले. आमच्या बागेची एक कड रुळांना लागून होती. मीही स्टेशन सोडून तिकडे गेले.

दोघं संत्र्याच्या शेवटच्या ओळीत उभे होते. गाडी आली. प्रत्येक खिडकीतून हात, आरोळ्या, फुलं. कुणीतरी "बुवा, बुवा!" अशी हाक मारली. तो दूधवाला असणार. मामाजी दोन्ही हात हलवत होते, रडत होते, काहीबाही ओरडत होते. बाबा मात्र ताठ उभे. मफलर काढून ठेवलेला, उजवा हात समोर धरलेला, जसा झेंडी धरताना धरत. डबे गेले, गर्दी गेली. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता. त्यानं बागेतल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा. त्यानं हिरवी झेंडी बाहेर काढली आणि सरळ बाबांकडे धरली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाबांचा हात खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी पिशवी ओसरीत तयार होती.

"बाबा, जाल कशानं?" मी विचारलं. माझ्या मनात आशा होती. आता सौंसरहून कोणतीच रेल्वे जात नव्हती.

त्यांनी पिशवी उचलून खांद्याला लावली. मग म्हणाले, "बसनं."

ज्या माणसानं आयुष्यात बसकडे पाय वळवला नाही, तो माझ्या घरी न राहण्यासाठी बसमध्ये बसायला तयार झाला होता. त्या दिवसाइतकं दुःख मला कधी झालं नाही. मामाजी निरोप द्यायलाही आले नाहीत. पाठ फिरवून बागेत निघून गेले. बसस्टँडवर मी बाबांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली. शनिवार होता, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांनी बस भरून गेली होती. कंडक्टरनं हिंदीत विचारलं, "बाबा, कहाँ जाओगे?" बाबांनी "पांढुर्णा" म्हटलं आणि तिकीट घट्ट मुठीत धरलं. बस निघाली. खिडकीत त्यांचं तोंड दिसलं आणि गेलं.

त्यानंतर घर कसं झालं ते काय सांगू. मामाजी सकाळी आंघोळ करून, पिशवीत संत्री भरून तयार होत आणि मग लक्षात येई की जायला गाडी नाही. तरी स्टेशनापर्यंत जात, रिकाम्या फलाटावर बसत आणि परत येत. तोड संपत आली. झाडं हलकी झाली. मी फोन केला की बाबा म्हणत, "मी चांगला हाये." आणि ठेवून देत.

मग एका रविवारी, ऊन कलतं झालं असताना, गल्लीच्या तोंडाशी चाकांचा करकर आवाज आला. मी बाहेर आले. एक हातठेला येत होता. त्यावर पाय वर केलेली खाट, आईची शिलाई मशीन, पत्र्याची पेटी, पितळेचा हंडा, भांड्यांचं बोचकं. ठेल्यामागून एका हातानं खाटेला आधार देत बाबा चालत होते.

मामाजी ओसरीत फळं निवडत बसले होते. ते उठले नाहीत. फक्त मान वर करून म्हणाले,

"लय लेट झाली गाडी, इवाई."

"काय करता," बाबा म्हणाले. "बसवाला टपावर खाट घेत नव्हता. लय हात जोडाले लागले."

मी दारातच उभी. हातातलं भांडं कुठं ठेवावं कळेना. बाबा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, जरा लाजत बोलले,

"तिथं रोज सकाळी स्टेशनावर जात होतो, रंजू. गाड्या येत होत्या, जात होत्या. मानसं उतरत होते. कोणीच नाई विचारलं मले, काल काहून नाई आले म्हणून."

मग मशीन कुठं ठेवायची ते विचारलं. मी म्हटलं, तुमच्या मनाला येईल तिथं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ते आमच्याकडेच होते. दोघांनी मिळून छोटे रूळ उखडताना पाहिले, मातीचे भराव चढताना पाहिले, मोठे रूळ बसताना पाहिले. काम करणाऱ्या परप्रांतीय मजुरांना दोघं संत्री नेऊन देत आणि चुकत असलेल्या नसलेल्या गोष्टी सुचवून त्यांना भंडावत. पहिली मोठी गाडी सौंसरला आली तेव्हा दोघं तिच्यात शेजारी शेजारी बसून नागपूरला गेले. परत आल्यावर मामाजी म्हणाले, गाडी छान आहे, पण समोरच्याचा गुडघा लागत नाही. बाबा म्हणाले, फाटकच ठेवलं नाही कुठं, सगळे रस्ते रुळांखालून काढले, आता फाटकवाल्यानं जावं कुठं? आणि स्वतःच हसले. मामाजी आधी गेले, बाबा दोन बहारांनंतर. दोघांनाही विहारातल्या माणसांनी याच घरातून नेलं.

पण संत्र्याच्या दिवसांत मला त्यांचं जाणं आठवत नाही. ती संध्याकाळ आठवते. खाट ओसरीत मामाजींच्या खाटेला लावून ठेवली होती. बसच्या टपावर तिची नवार सैल झाली होती, म्हणून बाबा खाली बसून ती ओढत होते आणि मामाजी पलीकडून पट्टी धरून होते. गल्लीतली नवी सून संत्री मागायला आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाबांना विचारलं,

"पाहुणे कधी आले, बाबाजी?"

मामाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. बाबांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"पाहुणा नाई, बाई," ते म्हणाले. "इथीच राह्यतो मी."

आणि खाटेवर गुडघा रोवून त्यांनी नवारीला जोरात ताण दिला.